भाऊजींकडे कागद कसा मागू?

पत्र

नमस्कार. मी सांगलीत राहते आणि सहा वर्षांपासून घरून इंग्रजी–मराठी अनुवादाची कामं करते. मागच्या वर्षी पुण्यातल्या एका एजन्सीचं मोठं काम घेतलं. एजन्सी माझ्या मिस्टरांच्या कॉलेजातल्या मित्राची. मी त्यांना भाऊजी म्हणते, त्यामुळे लेखी काही केलं नाही. शब्दाला १ रुपया ४० पैसे हा दर व्हॉट्सॲपवर ठरला. ६२,००० शब्द झाले, म्हणजे ८६,८०० रुपये. पैकी २०,००० ॲडव्हान्स मिळाले. काम देऊन सात महिने झाले. आधी म्हणायचे, "आमच्या क्लायंटकडून आले की लगेच देतो." आता म्हणतात, भाषा बरोबर नव्हती, दुसऱ्याकडून दुरुस्त करून घ्यावी लागली.

दरम्यान मुंबईच्या एका कंपनीने नियमित काम देऊ केलंय. त्यांचा अकरा पानी इंग्रजी करार आलाय. पैसे ९० दिवसांनी, दुरुस्त्या कितीही, उशीर झाल्यास दिवसाला ५ टक्के दंड, सगळे हक्क कंपनीचे, आणि काम थांबल्यावर दोन वर्षं दुसऱ्या कुठल्याही अनुवाद कंपनीचं काम करायचं नाही. जुने पैसे बुडाले असं समजू का? नव्या करारावर सही करू का? आणि ओळखीच्या माणसाकडे कागद मागायचा तरी कसा?

— एक अनुवादक, सांगली

उत्तर

ताई, पैसे बुडालेले नाहीत. हे आधी मनावर घ्या, कारण सात महिने आपलीच चूक म्हणून तुम्ही गप्प बसल्या आहात आणि समोरच्याला त्या गप्प बसण्याचाच फायदा होतोय.

स्टॅम्प पेपर नाही, सही नाही, म्हणून करारच नाही, हा आपल्याकडचा फार मोठा गैरसमज आहे. १८७२ चा भारतीय करार कायदा तोंडी करारही मानतो. एकाने काम सांगितलं, दुसऱ्याने कबूल केलं, मोबदला ठरला, की करार झाला. अडचण येते ती सिद्ध करताना, आणि तुमच्याकडे सिद्ध करायला पुष्कळ आहे. दर ठरल्याचा व्हॉट्सॲप संवाद आहे, फाइल पाठवल्याचे मेल असतील, ॲडव्हान्स जमा झाल्याची बँकेतली नोंद आहे. "क्लायंटकडून आले की देतो" हा निरोपही आहे, आणि माझ्या मते तो सगळ्यांत मोलाचा. देणं आहे हे त्यात मान्य केलेलं आहे, आणि त्या वेळी भाषेबद्दल एका शब्दाचीही तक्रार नव्हती. अगदी काहीच ठरलेलं नसतं, तरी त्याच कायद्याचं कलम ७० सांगतं की फुकट करण्याच्या हेतूने न केलेल्या कामाचा ज्याने लाभ घेतला, त्याने भरपाई दिली पाहिजे.

म्हणून आजच तो संपूर्ण संवाद एक्स्पोर्ट करून मेलवर घ्या. फोन बदलायचा विचार असेल तर थांबा. जुना फोन जपून ठेवा, कारण असा पुरावा कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील करून देतील, पण मूळ संवाद तुमच्याकडे हवा. आणखी एक जागा पाहा: आयकराच्या संकेतस्थळावर तुमचा २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर भरलेल्या कराचा तक्ता. एजन्सीने तुमच्या नावाने टीडीएस, म्हणजे तुमच्या पैशांतून कापलेला कर, भरला असेल तर तो तिथे दिसेल. २०,००० पेक्षा जास्त रकमेवर कापलेला दिसला, तर तुमचं बिल त्यांनी त्यांच्या वह्यांत धरलंय असं म्हणायला जागा मिळते.

आता त्यांच्या दोन सबबी पाहू. त्यांच्या क्लायंटने पैसे दिले की नाही, हा त्या दोघांमधला व्यवहार. तुम्हाला काम एजन्सीने दिलं. तिकडून पैसे आले तरच तुम्हाला मिळतील असं आधी ठरलेलं नव्हतं, मग ती जोखीम तुमच्या डोक्यावर नंतर टाकता येत नाही. भाषेच्या तक्रारीचं म्हणाल, तर ती कुठल्या फाइलमध्ये, कुठल्या पानावर, कोणी आणि कधी दुरुस्त केली, हे लेखी मागा. खरंच काही चुका असतील तर त्यांची रक्कम ठरवता येईल. ६६,८०० रुपये संपूर्ण अडवून ठेवायला ते कारण पुरत नाही.

कॉपीराइटचा मुद्दा तुमच्या हातात आहे आणि बहुतेक अनुवादकांना तो माहीतच नसतो. तुम्ही एजन्सीच्या नोकरीत नव्हता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार अनुवादाचे पहिले हक्क अनुवादकाचे असतात, आणि ते दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. तुम्ही असं काही लिहून दिलेलं नाही. म्हणजे कागद केला नाही याचा तोटा त्यांनाही आहे. मात्र याची धमकी देऊ नका. काम त्यांच्यासाठीच केलं होतं, त्यामुळे वापरायची परवानगी त्यातच आली असं ते म्हणू शकतात. नोटिशीत एका वाक्यात शांतपणे नोंदवा: "अनुवादाचे हक्क मी लेखी हस्तांतरित केलेले नाहीत, पूर्ण रक्कम मिळाल्यावर तसं पत्र देईन." समोर वकील असेल तर त्याला त्याचं वजन कळेल.

पहिलं पाऊल मात्र नोटीस नको. आधी एक साधा मेल, एजन्सीच्या अधिकृत पत्त्यावर, सोबत बिल:

"आपल्या सांगण्यावरून मी अमुक कामाचा अनुवाद अमुक तारखेला पूर्ण करून पाठवला. ठरलेल्या दराने एकूण ८६,८०० रुपये होतात. २०,००० मिळाले, ६६,८०० बाकी आहेत. कृपया १५ दिवसांत जमा करावेत. कामाबद्दल तक्रार असल्यास पानांसह याच मेलवर कळवावी."

यात भाऊजी नको, वहिनी नको, "राग मानू नका" तर मुळीच नको. व्हॉट्सॲपवर वेगळं लिहा: "भाऊजी, बिलाचा मेल पाठवलाय, बघून घ्या." नात्याचं बोलणं तिथे, हिशोबाचं बोलणं मेलवर. त्यांनी उत्तरात "थोडे हप्त्याने देतो" एवढं जरी लिहिलं तरी तुमचं काम सोपं होतं. अशा थकलेल्या पैशांसाठी दावा करायची मुदत साधारण ३ वर्षांची असते, आणि मुदतीच्या आत लेखी, सहीची कबुली मिळाली तर ती पुन्हा नव्याने मोजली जाते.

आणि मिस्टरांना मध्ये घालू नका. त्यांनी मित्राला फोन करावा असं तुम्हाला वाटत असणार, घरातल्यांनीही सुचवलं असेल. पण मग विषय दोन मित्रांचा होतो, "बघू रे" वर मिटतो, आणि रात्री जागून केलेलं तुमचं काम त्या मैत्रीतलं एक किरकोळ प्रकरण ठरतं. काम तुम्ही केलं, बिल तुम्ही पाठवा, पैसे तुम्ही मागा.

१५ दिवसांत काही झालं नाही तर सांगलीच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. वकील मिळतो आणि नोटिशीला मदत होते. शिवाय दावा दाखल करण्याआधीच प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवता येतं. तिथे तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. ६६,८०० साठी वर्षानुवर्षं खेटे घालण्यापेक्षा मी तुम्हाला हीच वाट सुचवेन. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा.

आता मुंबईचा करार. आत्ता सही करू नका. आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, करा.

हे इतकं ठासून सांगते, कारण घरून काम करणाऱ्या बायका "आपलं कसलं आलंय उद्योग" म्हणून ती करत नाहीत. अनुवाद ही सेवा आहे, आणि सेवा देणारी एकटी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येते. आधार आणि पॅन लागतं, सरकारी संकेतस्थळावर एक रुपयाही लागत नाही. (फी मागणारी, दिसायला सरकारी वाटणारी बरीच संकेतस्थळं आहेत. पैसे मागितले की समजा, जागा चुकली.) नोंदणी झाली की २००६ चा सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. कलम १५ म्हणतं, करारात मुदत लिहिली असेल तर ती ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि लेखी काही नसेल तर १५ दिवस. म्हणजे ९० दिवसांचं ते कलम तिथेच लंगडं पडतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, व्याज लागतं. काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर काम स्वीकारलं असं हा कायदा धरतो. भाऊजींची सात महिन्यांनंतरची भाषेची तक्रार या नियमापुढे टिकली नसती. पैसे अडकले तर सरकारी पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे, म्हणजे लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, अर्ज करता येतो.

जुन्या बिलासाठी मात्र आजची नोंदणी उपयोगी पडेल असं धरून चालू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नंतर केलेल्या नोंदणीचा लाभ आधीच्या व्यवहाराला नाकारला आहे. म्हणूनच म्हणते, नोंदणी आधी आणि सही नंतर. उद्यम क्रमांक करारात आणि प्रत्येक बिलावर छापा. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही एक तरतूद आली: सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही. त्यामुळे बिलावर तो क्रमांक दिसला की कंपनीच्या अकाउंट्सवाल्यांचं लक्ष जातं, मार्चमध्ये तर नक्कीच.

दोन वर्षं दुसरीकडे काम न करण्याचं कलम वाचून तुम्ही घाबरला असाल. करार संपल्यानंतर माणसाला त्याच्या धंद्यापासून अडवणारी अट करार कायद्याच्या कलम २७ खाली निरर्थक ठरते. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचं प्रकरण याचं ठळक उदाहरण आहे. त्याचं व्यावसायिक काम पाहणाऱ्या कंपनीशी तीन वर्षांचा करार होता. करार संपल्यावर त्याने दुसरीकडे जायचं ठरवलं, तेव्हा जुन्या कंपनीने करारातल्या अटीवर बोट ठेवून बाहेरचा देकार आधी आपल्यापुढे ठेवायला हवा असा हक्क सांगितला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. तरीही ही अट खोडून घ्या. कोर्टात न टिकणारी अट कागदावर राहिली तर ती तुम्हाला घाबरवायला पुरते, आणि तुम्ही दुसरं काम नाकाराल. त्याऐवजी दोन गोष्टी खुशाल मान्य करा: त्यांच्या फाइली गोपनीय ठेवणं, आणि काम सुरू असताना त्यांच्या क्लायंटकडे परस्पर न जाणं. त्या रास्त आहेत.

दंडाचं कलम असं वाचा: दिवसाला ५ टक्के म्हणजे वीस दिवसांत सगळं बिल साफ. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार कोर्ट लिहिलेला आकडा डोळे मिटून देत नाही, वाजवी भरपाईच देतं. पण तुमचे पैसे आधीच त्यांच्या हातात असतील तर ते परस्पर कापून घेतील. म्हणून "एकूण कपात त्या कामाच्या बिलाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसेल, आणि मूळ फाइल उशिरा आल्यास तेवढे दिवस मुदत वाढेल" असं मागा. नुकसानभरपाईची जबाबदारीही त्या कामाच्या फीपुरतीच ठेवा.

हक्कांबाबत भांडू नका, फक्त क्रम बदला: "पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क कंपनीकडे जातील." बहुतेक क्लायंटना हक्क खरोखर लागतात. कॉपीराइट कायद्यानुसार, लेखी हस्तांतरणात काळ लिहिला नाही तर तो ५ वर्षं धरला जातो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. त्यामुळे नीट लिहिलेला कागद त्यांनाही हवाच असतो. या एका कलमावर तुम्ही उदार राहा आणि बदल्यात पैशाची मुदत कमी करून घ्या.

"कितीही दुरुस्त्या" हे कलम मला सगळ्यांत धोक्याचं वाटतं, कारण त्याचा खर्च हळूहळू होतो आणि दिसत नाही. आपल्या कामात दुरुस्ती या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. तुमची चूक असेल तर ती विनामूल्य सुधारायलाच हवी. क्लायंटची आवड असेल, म्हणजे "वापरकर्ता" नको "युजर" करा, "आपण" नको "तुम्ही" करा, तर शब्दसूची आधी मंजूर करून घ्या आणि दोन फेऱ्यांपर्यंत करून द्या. आणि मूळ इंग्रजी मजकूरच बदलला असेल तर ते नवं काम, नवा दर. हे तिन्ही वेगवेगळं लिहिलेलं नसलं की तिसरं कायम पहिल्याच्या नावावर खपतं.

दराच्या ओळीतही तीन गोष्टी हव्यात. शब्द मूळ इंग्रजीचे मोजायचे की मराठीचे? मराठीत विभक्ती शब्दाला चिकटते, त्यामुळे शब्द सहसा कमी भरतात आणि मराठी मोजले तर बिल कमी होतं. इंग्रजी मोजा, म्हणजे काम सुरू होण्याआधीच दोघांना आकडा कळतो. दुसरं, अनुवादाचं सॉफ्टवेअर पुन्हा आलेली वाक्यं वेगळी काढतं, त्यांना किती टक्के दर? तिसरं, मशीनने केलेला अनुवाद "फक्त तपासायला" देणार असतील तर तो दर वेगळा ठरवा आणि आधी नमुना पाहायला मागा. अर्ध्या दरात घेतलेलं हे काम कित्येकदा मुळापासून पुन्हा करावं लागतं.

बाकीचं थोडक्यात. काम मध्येच थांबवलं तर झालेल्या शब्दांचे पैसे. वादासाठी सांगलीचं न्यायालय मागा. मुंबई म्हणतील, त्यावर अडून बसू नका. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांच्या स्टॅम्पसाठी १०० ऐवजी ५०० रुपये लागतात. स्टॅम्प नसला म्हणून करार रद्द होत नाही, पण कोर्टात वापरायच्या वेळी दंडासह भरावा लागतो, तेव्हा नियमित कामाच्या करारावर तो लावून घ्या.

तुमचा तिसरा प्रश्न, ओळखीच्या माणसाकडे कागद कसा मागायचा. भीड भिकेची बहीण, हे आपल्या आज्या सांगून गेल्या ते अशाच प्रसंगांसाठी. तुम्हाला वाटतं कागद मागितला की अविश्वास दिसतो. पण भाऊजींशी आज तुमचं नातं कसं आहे ते पाहा. फोन टाळतात, समोर आले तर तुम्हालाच ओशाळं वाटतं. सुरुवातीला दहा ओळी लिहिल्या असत्या तर दोघांनाही एकच गोष्ट आठवली असती. प्रत्येक वेळी अकरा पानं लागत नाहीत, आणि कागद मागावाही लागत नाही. तुम्हीच पाठवा. काम फोनवर ठरलं की त्याच दिवशी मेल:

"आज फोनवर ठरल्याप्रमाणे: अमुक फाइल, मूळ इंग्रजी अंदाजे इतके शब्द, दर शब्दाला इतका. सुरुवातीला ३० टक्के, उरलेले काम दिल्यापासून १५ दिवसांत. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरलेल्या आहेत. तक्रार असल्यास १५ दिवसांत लेखी. पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क आपले. बरोबर असल्यास 'मान्य' असं उत्तर द्यावं, म्हणजे सुरुवात करते."

'मान्य' एवढं एका शब्दाचं उत्तर आलं की करार झाला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०ए इलेक्ट्रॉनिक करार मानतं, आणि नुसत्या मेलवरून ठरलेला मोठा व्यापारी करार सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये वैध धरला आहे. हा मेल प्रत्येकाला पाठवा, सख्ख्या भावाला सुद्धा. सगळ्यांनाच जातो म्हटल्यावर कुणाला टोचत नाही. उत्तर आल्याशिवाय फाइल उघडू नका, हे मात्र कटाक्षाने पाळा.

मुंबईची कंपनी सगळे बदल मान्य करणार नाही, हे धरून चला. दंडावर आणि न्यायालयावर थोडं मागे सरकलात तरी चालेल. पण पैशाची मुदत आणि दुरुस्त्यांची मर्यादा या दोन गोष्टींना त्यांनी ठाम नकार दिला, तर ते काम घेऊ नका. "छोटं काम आधी करून पाहू, १०,००० शब्दांचं, ॲडव्हान्स घेऊन" असा पर्याय त्यांच्यापुढे ठेवा आणि उत्तराची आठवडाभर वाट पाहा. तेवढ्यात भाऊजींना द्यायची १५ दिवसांची मुदतही सुरू झालेली असू द्या.